घरगुती मत्स्यपेटी व तिचें पाणी

“मास्तर, तुमच्या घरीं आणि मासे?” हा प्रश्न गेल्या तीन वर्षांत मला इतक्यांनीं विचारला आहे, कीं त्याचें उत्तर आतां तोंडपाठ झालें आहे. मासे आहेत, परंतु ते स्वयंपाकघरांत नसून बाहेरच्या खोलींत, कांचेच्या पेटींत आहेत, व त्यांचें जेवण आमच्यापेक्षां अधिक नेमानें होतें. शिवाय या नादास आधार नाहीं असेंही नव्हे. कल्याणीच्या चालुक्य कुळांतील तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ नामक बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ म्हणून स्वतंत्र प्रकरण असून त्यांत माशांच्या जातींचें व त्यांच्या खाद्याचें वर्णन आहे. राजाचा अंतिम हेतु गळ टाकण्याचा होता हें खरें. तथापि कोणत्या माशास काय रुचतें याची त्यानें केलेली चौकशी आम्हां पाळणारांस लाजविणारी आहे.

ही चौकशी न करतां मासे आणणाऱ्यांपैकींच प्रस्तुत लेखक एक होता. नातू सहा वर्षांचा झाला त्या दिवशीं मीं त्यास कांचेचा एक गोल वाडगा व दोन गोल्डफिश आणून दिले. वाडग्यांत पाणी चारपांच लिटर. घरांत माणसें नऊ. सकाळीं सुनेनें चिमूटभर खाद्य घालावें, शाळेंत जातांना नातवानें, दुपारीं आमच्या भगिनींनीं, आणि रात्रीं सर्वांचीं जेवणें झाल्यावर “मुकीं जनावरें उपाशीं नकोत” म्हणून मीं. तिसऱ्या दिवशीं पाणी दुधाळ दिसूं लागलें. मीं तें सर्व ओतून दिलें, वाडगा साबणानें लखलखीत घासला व नळाचें ताजें पाणी भरलें. पांचव्या दिवशीं सकाळीं एक मासा उलटा तरंगत होता, व दिवेलागणीस दुसराही गेला.

नातवानें विचारलें, “आजोबा, मीं फार खाऊ घातला म्हणून मेले का ते?” मी म्हणालों, “नाहीं रे, ते म्हातारे झाले होते.” छत्तीस वर्षें वर्गांत उभा राहून मुलांस सत्याचे धडे दिलेल्या माणसाचें हें उत्तर! नीट ठेवलेला गोल्डफिश दहा वर्षें सहज जगतो हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. परंतु ते मासे म्हातारे नव्हते इतकें ठाऊक होतें. तें उत्तर मनास टोंचत राहिलें, आणि त्यामुळेंच मी या विषयावरचीं पुस्तकें उघडलीं.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा आणि न खाल्लेलें अन्न कुजून त्यांत आणखी भर पडते. नदींत हें विष अफाट पाण्यांत विरून जातें. वाडग्यांत तें माशाभोंवतींच राहतें व त्याचे कल्ले जाळतें. यावर निसर्गाची योजना अशी, कीं एका जातीचे सूक्ष्मजंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, व दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, तें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हरण करतें. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणांत माशास सोसतें. हें दुसरें काम नायट्रोबॅक्टर नांवाचा जंतु करतो असें पुष्कळ वर्षें पुस्तकांत छापलें जाई. १९९८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें, कीं मत्स्यपेट्यांतून तें काम मुख्यतः नायट्रोस्पिराच्या जातीचे जंतु करतात. जंतूचें नांव बदललें, तरी गृहस्थाचें काम बदललें नाहीं. तें म्हणजे वाट पाहणें. हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. वाळूवर, कांचेवर, गाळणीच्या स्पंजावर चिकटून ते अगदीं सावकाश वाढतात, व नव्या पेटींत त्यांची पुरती वसाहत होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात.

गृहिणींस हें समजावयास वेळ लागूं नये. दूध नुसतें झांकून ठेवल्यानें चांगलें दहीं होत नाहीं. विरजण लावावें लागतें. माझ्या वाडग्यांत तें विरजण लागलेंच नव्हतें, आणि लागण्याच्या बेतांत जें कांहीं असेल तें मीं साबणानें धुऊन टाकलें होतें. दुसऱ्या खेपेस माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या चांगल्या चाललेल्या पेटींतील स्पंजाचा तुकडा मला दिला. तो त्याच पाण्यांत बुडवून डब्यांतून आणला व नव्या पेटींत सोडला. असें विरजण मिळाल्यास सहा आठवड्यांचें काम पुष्कळ लवकर उरकतें. मात्र ज्याचे मासे निरोगी आहेत त्याच्याकडूनच तें घ्यावें, नाहींतर रोगही सोबत येतो.

माशांवांचून पाण्याची पेटी कित्येक दिवस नुसती बुडबुडत राहिलेली पाहून नातवानें कारण विचारलें. तेव्हां मीं त्यास जवळ बसवून सांगितलें, “पहिले मासे म्हातारे नव्हते. चूक माझी होती, तुझी नव्हे. किती घालावें हें तुला सांगण्याचें काम माझें होतें.” त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें व विचारलें, “मग तुम्ही खोटें का बोललांत?” याचें उत्तर मला देतां आलें नाहीं.

आतां खर्चाकडे वळूं. लहान पेटी स्वस्त व सोपी, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. थोड्या पाण्यांत चूक लवकर मोठी होते. २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच अशी पेटी सुरुवातीस योग्य होय. तींत कांठोकांठ ५४ लिटर पाणी मावतें. वाळू व वरची मोकळी जागा सोडतां सुमारें ४५ लिटर राहतें. भरल्यावर वजन ६० किलोच्या घरांत जातें, म्हणून ती भक्कम व सपाट कट्ट्यावर ठेवावी, पुस्तकांच्या फळीवर ठेवूं नये. साधी पेटी, हवेचा पंप, स्पंजाची गाळणी, नळी व झांकण मिळून माझा खर्च दोन हजार रुपयांच्या आंत राहिला. प्लॅस्टिकचे किल्ले व रंगीत खडे यांवर पैसा घालवूं नये. जवळ कोठें बांधकाम चाललें असल्यास तेथील मूठ-दोन मूठ नव्हे, पाटीभर भरड वाळू मागून आणावी व पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. तिच्यावर लिंबाचा रस टाकून पाहावा. फेंस आल्यास तींत चुना आहे असें समजून ती वापरूं नये. कोंकणांतून हौसेनें आणलेले शिंपले याच कारणास्तव बाहेरच शोभतात. विजेची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. ३ वॅटचा पंप अहोरात्र चालला तरी महिन्यास सुमारें दोन युनिटच होतात. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांस व त्या उपकारी जंतूंस सारखाच मारक आहे. यास्तव पाणी उघड्या बादलींत एक दिवस ठेवून मगच वापरावें.

पेटी पूर्वेच्या खिडकीपासून थोडी दूर ठेवावी. सबंध दिवस ऊन लागल्यास कांच हिरवी होते. वॅलिस्नेरियाचीं दहाबारा रोपें लावावींत; तीं नायट्रेट शोषून घेतात व माशांस आडोसाही देतात.

मासे कोणते? गोल्डफिश मोठा वाढतो व घाण पुष्कळ करतो. तो या पेटीचा पाहुणा नव्हे. माझी शिफारस झेब्रा माशाची. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा हा बोटाएवढा जीव मूळचा आपल्याच देशांतला असून फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. आज तो जगांतल्या प्रयोगशाळांत पाळला जातो. २०१३ मध्यें त्याच्या जनुकांची मांडणी प्रसिद्ध झाली तेव्हां मनुष्याच्या सुमारें ७० टक्के जनुकांस त्याच्या ठिकाणीं जोड सांपडली. आपल्या दृष्टीनें त्याचा मोठा गुण हा, कीं तो १८ अंशांपर्यंतची थंडी सोसतो. म्हणून पुण्याच्या हिंवाळ्यांत घरांत ठेवलेल्या पेटीस सहसा तापकाची गरज पडत नाहीं. त्यास कळप लागतो, सहांहून कमी आणूं नयेत. उडी मारण्याची खोड असल्यामुळें झांकण अवश्य असावें. आम्हीं प्रथम तीन आणले, पंधरा दिवसांनीं आणखी पांच.

खाण्याची व्यवस्था हा एकत्र कुटुंबांतला खरा प्रश्न. माशास पोट भरल्याची खूण करतां येत नाहीं, व प्रेम करणारीं माणसें पुष्कळ. दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच खाद्य पुरे. उरलेलें दिसल्यास तें काढून टाकावें. देवळाच्या तळ्यावर टाकतों तशा कणकेच्या गोळ्या मुळींच टाकूं नयेत. आम्हीं पेटीशेजारीं एक जुनी दगडी पाटी टांगली आहे. ज्यानें खाद्य घातलें त्यानें त्या दिवसाची रेघ ओढावी. रेघ दिसली कीं इतरांनीं हात मागें घ्यावा. एकादशीस माशांसही उपवास असतो, आणि त्यांचा उपवास आमच्यासारखा साबुदाण्याच्या खिचडीचा नसून खरा असतो! पावसाळ्यांत पिंपांतल्या डासांच्या अळ्या घालाव्या असें मीं सुचविलें होतें, परंतु आमच्या मंडळींनीं “आमच्या घरांत हें चालणार नाहीं” म्हणून तो विषय तेथेंच मिटविला.

दर आठवड्यास एक बादली, म्हणजे सुमारें ११ लिटर पाणी रबरी नळीनें तळाच्या गाळासह काढावें व तितकेंच शिळें केलेलें पाणी सावकाश घालावें. उन्हाळ्यांत वाफेनें कमी झालेलें पाणी नुसतें वरून भरणें म्हणजे पाणी बदलणें नव्हे, कारण वाफ उडते, क्षार मागें राहतात. काढलेलें पाणी मोरींत ओतूं नये. त्यांतील नायट्रेट झाडांस खत होतें, व आमच्या तुळशीचा विस्तार हल्लीं वृंदावनांत मावेनासा झाला आहे. स्पंज महिन्यांतून एकदां त्या काढलेल्या पाण्यांतच पिळावा. एकदां घाईंत तो नळाखालीं धुतला गेला आणि दोन दिवसांत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडूं लागले. असें दिसतांच खाद्य बंद करावें, निम्में पाणी बदलावें व पंप चालू आहे ना तें पाहावें. दुकानांतील रंगीत औषधें ओतण्याची घाई करूं नये.

कंटाळा आला म्हणून पाळलेले मासे नदींत किंवा विहिरींत सोडणें पुण्यकर्म नव्हे. परकी जात तेथील मूळच्या माशांच्या तोंडचा घांस घेते, व पेटींतला रोगही सोबत जातो. नकोसे झालेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावे.

परगांवीं जावयाचें झाल्यास पुष्कळ लोक शेजाऱ्यास खाद्याचा डबा देऊन जातात, आणि शेजारी दयाळु निघाला कीं परत येऊन पाणी दुधाळ पाहतात. मोठे निरोगी मासे आठ दिवस उपाशीं सहज राहतात. गेल्या मे महिन्यांत आम्ही सर्व मंडळी आठ दिवस कोंकणांत होतों. निघण्याच्या आदल्या दिवशीं पाणी बदललें, खाद्याचा डबा कपाटांत कुलपांत ठेवला. परतल्यावर नातू वहाणा न काढतांच पेटीपाशीं धांवला, बोटानें मोजून “आठच्या आठ!” असें ओरडला, आणि चिमटींत खाद्य घेऊन मजकडे वळून म्हणाला, “आजोबा, एवढें बरोबर आहे ना?” मीं त्यांतलें निम्में परत डब्यांत टाकण्यास सांगितलें.