धरणातली गंगाजळी

कोळशावरच्या वीजकेंद्राला कोळसा विकत घ्यावा लागतो; जलविद्युत केंद्राचे इंधन मात्र आभाळातून फुकट पडते, असे आपण वर्गात सहज सांगतो. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. पाण्याचे बिल येत नसले तरी त्याला किंमत असते, कारण आज टर्बाइनवर सोडलेले पाणी उद्या हाताशी नसते. आज वापरायचे की उद्यासाठी राखायचे, हा जलविद्युत कंपनीचा रोजचा प्रश्न. त्यातला अंदाज हुकला तर काय होते, हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर २०१५-१६ मध्ये दिसून आले.

बेट आणि त्याची कंपनी

टास्मानियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक, आणि वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास. दक्षिण गोलार्धात ४० अंश अक्षांशापलीकडे जोराचे पश्चिमी वारे वाहतात. खलाशांनी त्यांना ‘गर्जणारे चाळीस’ असे नाव दिले आहे. हे बाष्पयुक्त वारे बेटाच्या पश्चिमेकडील डोंगरांवर आदळतात आणि तेथे भरपूर पाऊस पडतो. या पावसावर ‘हायड्रो टास्मानिया’ ही राज्य सरकारच्या मालकीची कंपनी चालते. तिची सुरुवात १९१४ मधली. आज तिच्याकडे सुमारे तीस जलविद्युत केंद्रे असून बेटाची बहुतेक वीज तीच पुरवते.

आपल्या कोयनेचा शिवसागर एका पावसाळ्यात भरतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचा असतो. टास्मानियातले दोन मोठे जलाशय, गॉर्डन आणि ग्रेट लेक, इतके विशाल आहेत की चांगल्या वर्षांतली शिल्लक पुढच्या कोरड्या वर्षांत वापरता येते. ही खरोखरीची गंगाजळीच.

साठा लिटरमध्ये की युनिटमध्ये?

ही गंगाजळी मोजायची कशी? स्थितिज ऊर्जेचे सूत्र आठवा: वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची. ग्रेट लेकचे पाणी पोआटिना केंद्रापर्यंत सुमारे ८३० मीटर खाली येते. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम, म्हणून

१००० × ९.८ × ८३० = सुमारे ८१ लाख ज्यूल.

विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्यामुळे एका घनमीटरमागे सव्वादोन युनिटे येतात. घर्षणात व यंत्रांत दहा टक्के ऊर्जा गेली असे धरले तर दोन युनिटे हाती लागतात. गॉर्डन केंद्रात हाच उतार सुमारे १८० मीटर आहे. तेथे तेवढ्याच पाण्यापासून अर्धे युनिटही मिळत नाही. म्हणून कंपनी आपला एकूण साठा पाण्याच्या घनफळावरून नव्हे, तर त्यातून किती वीज मिळेल यावरून मोजते. पुढे दिलेली टक्केवारी याच अर्थाने घ्यावी.

तीन घटना, एक संकट

२००६ मध्ये समुद्रतळावरून टाकलेल्या ‘बासलिंक’ या केबलने बेट मुख्य भूमीशी जोडले गेले. पाणी कमी असेल तेव्हा वीज आणायची, जास्त असेल तेव्हा विकायची, अशी सोय झाली. जुलै २०१२ पासून ऑस्ट्रेलियात कार्बन उत्सर्जनावर आकारणी सुरू झाली. कोळशाची वीज महागली, पण पाण्यावरच्या विजेला हा भार नव्हता. कंपनीने भरपूर वीज निर्यात करून नफा कमावला. २०१४ च्या मध्यावर ही आकारणी रद्द झाली, तेव्हा निम्म्याच्या आसपास असलेला साठा तीस टक्क्यांच्या आसपास आला होता. पुढच्या पावसात तो भरून निघेल, अशी अपेक्षा होती.

पण २०१५ चा वसंत ऋतू, म्हणजे तेथील सप्टेंबर ते नोव्हेंबर, टास्मानियात नोंदवलेला सर्वांत कोरडा ठरला. आता केबलचाच आधार होता. आणि २० डिसेंबर २०१५ रोजी केबल बंद पडली. समुद्रातला बिघाड शोधून तो दुरुस्त होईपर्यंत जवळजवळ सहा महिने गेले. विकायला काढलेले नैसर्गिक वायूचे केंद्र पुन्हा सुरू करावे लागले. दोनशे मेगावॉटची डिझेल जनित्रे भाड्याने आणली गेली. मोठ्या कारखान्यांनी विजेचा वापर कमी केला. एप्रिल २०१६ अखेर साठा साडेबारा टक्क्यांपर्यंत घसरला. घरांतले दिवे मात्र विझले नाहीत. जूनमध्ये केबल दुरुस्त झाली, आणि त्याच महिन्यात बेटावर मोठे पूर आले.

गुणाकाराचा फसवा आधार

समजा, तीव्र दुष्काळाची शक्यता कोणत्याही वर्षी वीसात एक आणि केबल तुटण्याचीही वीसात एक आहे. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल.) दोन्ही एकाच वर्षी घडण्याची शक्यता चारशेत एक. इतकी लहान संख्या पाहून कोणीही निर्धास्त होईल. पण हा गुणाकार दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच लागू पडतो. येथे साठा जितका कमी, तितकी केबलवरची भिस्त अधिक; आणि कमी साठा हा निव्वळ दैवाचा भाग नव्हता, तो आधी घेतलेल्या निर्णयाचाही परिणाम होता. केबलचे कारणही वादाचे ठरले. ती तापण्याइतकी वापरली गेली होती, असे कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञांचे २०१७ मधले मत. केबलच्या मालकांनी ते फेटाळले.

या अनुभवानंतर सरकारने नेमलेल्या कृतिदलाने साठ्यासाठी दोन पातळ्या सुचवल्या. खालची पातळी अशी की, केबल सहा महिने बंद राहिली आणि त्याच काळात पाऊसही फारच कमी झाला, तरी बेटाला वीज मिळावी. तिच्यावर सावधगिरीची दुसरी पातळी. थोडक्यात, राखून ठेवलेले पाणी हा विमा, आणि ते विकून मिळाला असता तो नफा हा त्या विम्याचा हप्ता.

पावसाळ्यानंतर वर्तमानपत्रांत धरणांच्या साठ्याची टक्केवारी छापून येते. विद्यार्थ्यांना जवळच्या एका धरणाचे आकडे दर आठवड्याला टिपून आलेख काढायला सांगावा. नंतर विचारावे: पुढचा पाऊस एक महिना लांबला, तर हे पाणी कोणासाठी राखायचे? शेती, पिण्याचे पाणी आणि वीज, असे तीन दावेदार आपल्याकडे असतात, त्यामुळे वर्गात एकमत होणे कठीण आहे.