दोन मिनिटांची लेखणीबंदी

क्लाउडवर काहीतरी लिहा, असं संपादकांनी सांगितलं. क्लाउडच्या जाहिराती वाचून कंटाळलो आणि एका वेगळ्याच कामापाशी रेंगाळलो. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान होतात त्या आठवड्यात मराठी विकिपीडियावर एक पट्टी झळकते: तासाभरापर्यंत संपादन बंद राहू शकेल. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात-साडेआठ झालेले असतात. त्या वेळी तीनशेहून अधिक भाषांतल्या विकिपीडियांचा कारभार अमेरिकेतल्या एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात जातो. सवड मागतात तासाची, काम उरकतं दोन-तीन मिनिटांत.

इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. विकिमीडिया फाउंडेशनची मुख्य यंत्रं आधी फ्लोरिडात टँपाला होती. जानेवारी 2013 मध्ये कारभार व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला गेला. पुढे टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या कॅरलटनला, तोलामोलाचं दुसरं केंद्र उभं राहिलं आणि एप्रिल 2016 मध्ये सगळा कारभार पहिल्यांदा तिकडे नेऊन पाहिला. यंत्रं संस्थेच्या मालकीची, भाड्याच्या क्लाउडवरची नव्हेत. पण चालती साइट एका जागेवरून दुसरीकडे नेण्यातली खरी अडचण दोन्हीकडे सारखीच, आणि ती इथे उघड्यावर पाहता येते. कामाची कृती कुणालाही वाचता येते, कुठली पायरी कधी झाली याची नोंदही जाहीर असते.

वाचणाऱ्यांची फारशी काळजी नसते. 2022 पासून दोन्ही केंद्रं वाचकांना पानं पुरवतात. घोडं अडतं लिहिणाऱ्यांपाशी, कारण लिखाण एका वेळी एकाच ठिकाणी उतरवून घ्यावं लागतं. दोन केंद्रांत सुमारे 1,900 किलोमीटरचं अंतर आहे. अ‍ॅशबर्नला कुणी वेलांटी सुधारली की ती कॅरलटनच्या प्रतीत पोचायला क्षणभर लागतो. त्या क्षणात दोन्हीकडे लिखाण सुरू राहिलं, तर एकाच लेखाचे दोन इतिहास तयार होतील आणि ते पुन्हा जुळवता येणार नाहीत.

म्हणून आधी लेखणी थांबवायची. क्रम ठरलेला आहे: पार्श्वभूमीला चालणारी देखभालीची कामं बंद, मग संपादन बंद, मग जुन्या डेटाबेसलाच कुलूप, म्हणजे चुकूनमाकून कुठला प्रोग्रॅम लिहायला गेला तरी लिहिता येऊ नये. यानंतरची पायरी मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात काहीच करायचं नसतं. फक्त थांबायचं. दिवाळीत दुकानदार जुन्या वहीत शेवटची नोंद उतरेपर्यंत नवी उघडत नाही, तसं नवी प्रत जुन्या प्रतीच्या शेवटच्या नोंदीपर्यंत पोचली याची खात्री होईतो कुणी पुढे सरकत नाही. खात्री पटली की मुख्य केंद्र कोणतं हे सांगणारी एक नोंद बदलते, नव्या डेटाबेसचं कुलूप निघतं आणि लेखण्या पुन्हा चालू होतात.

या पायऱ्या माणसं दरवेळी हातानं टंकत नाहीत. त्यांच्या स्क्रिप्ट लिहून ठेवल्या आहेत, त्यांना तिथले अभियंते ‘कुकबुक’ म्हणतात. आणि एरवी सगळं सुरळीत असतानाही हा खटाटोप वर्षातून दोनदा करायचा तो एवढ्याचसाठी, की संकट आलं तर तो पहिलाच प्रयोग ठरू नये.

इतरांची काळजी वाटते ती इथेच. 31 जानेवारी 2017 च्या रात्री प्रोग्रॅमचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवर डेटा पुसण्याची आज्ञा दिली. क्षणार्धात चूक ध्यानात आली, पण सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबीच उरला होता. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसशी न जुळणाऱ्या आवृत्तीचा असल्यामुळे मुकाट्यानं अपयशी होत होता, आणि तसं कळवणारी ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हती. शेवटी चाचणीसाठी योगायोगानं घेतलेली सहा तास जुनी प्रत कामी आली. ऑगस्ट 2018 मध्ये हीच कंपनी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरून गूगलच्या क्लाउडवर गेली, ती मात्र रंगीत तालमी करून. मायस्पेस या सोशल नेटवर्कला तेवढंही नशीब लाभलं नाही. सर्व्हर हलवताना 2015 पर्यंतची गाणी, फोटो, व्हिडिओ हातचे गेले असू शकतात, असं त्यांनी 2019 मध्ये कबूल केलं.

मराठी मजकुराला तर आणखी एक खोड आहे. यूटीएफ-8 या अक्षरांच्या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. जुन्या डेटाबेसच्या रकान्यावर ‘लॅटिन’ असा शिक्का असेल, तर स्थलांतराचं साधन प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजून पुन्हा रूपांतर करतं आणि मराठीच्या जागी स्वरचिन्हं लावलेल्या रोमन अक्षरांची आणि भलत्याच चिन्हांची रांग उभी राहते. एरर येत नाही, ओळींची संख्याही बरोबर भरते. इमोजीची तऱ्हा वेगळी: त्यांतल्या बहुतेकांना चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या तीन-बाइटी रकान्यात असा मजकूर गेला आणि तपासणी सैल असली, तर इमोजीपासून पुढचा मजकूर छाटला जातो.

हे क्लाउडवाली कंपनी पाहत नाही. ती जागा देते, वीज देते, डिस्क बिघडली तर बदलते. आत उतरलेलं वाचता येतं का हे ज्याचं त्यानं बघायचं. मराठीत वर्षानुवर्षांचं लिखाण सांभाळणाऱ्या छोट्या साइट बहुधा एखाद-दुसऱ्या हौशी माणसाच्या खांद्यावर असतात. तालमीसाठी दुसरा सर्व्हर भाड्यानं घेणं त्याला उधळपट्टी वाटते, आणि बॅकअपबद्दल विचारलं की ‘रोज रात्री होतो’ हे उत्तर तयार असतं. तो बॅकअप एकदा तरी दुसरीकडे उतरवून, जुन्यातलं जुनं पान उघडून वाचलंय का, हे विचारावं. उत्तर ‘नाही’ असेल, तर साइट क्लाउडवर हलवण्याची तारीख पुढे ढकलावी.