पॅनेलचा कोड आणि सालगड्याची अब्रू

जुन्या वाड्यांतून घरच्या वडील बाईच्या कमरेस किल्ल्यांचा जुडगा असे. कोठाराची किल्ली कोणाच्या हातीं गेली व कोणाकडून परत आली, हें साऱ्या घरास ठाऊक असे. किल्ली हरवली तर तिचा शोध होई. न सांपडल्यास कुलूप बदलण्यांत येई. अलीकडे शेतकऱ्यांच्या घरांतून, गोदामांतून व मळ्यांतील बंगल्यांतून चोराची सूचना देणारीं यंत्रें बसूं लागलीं आहेत. कुलपाच्या जोडीस भिंतीवर बटणांचें पॅनेल आलें, आणि किल्लीच्या जोडीस चार किंवा सहा अंकांचा कोड आला. परंतु किल्ली सांभाळण्याची जी शिस्त आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या होती, ती कोडाच्या बाबतींत अद्याप पुरती आलेली दिसत नाहीं. म्हणून या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

किल्ली व कोड यांत एक मोठें अंतर आहे. दिलेली किल्ली परत मागतां येते. सांगितलेला अंक परत मागतां येत नाहीं. तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी मालकाच्या हातून कांहीं कमी झाल्याचें दिसत नाहीं. म्हणून कोडाचा बंदोबस्त एकच: तो यंत्रांतूनच पुसून टाकणें.

यंत्राची रचना थोडक्यांत अशी असते. दारांस व खिडक्यांस चुंबकाचे सेन्सर आणि खोलींत हालचाल ओळखणारा सेन्सर बसवितात. त्यांच्या खुणा तारेनें किंवा बिनतारी मार्गानें एका पेटींत येतात. रात्रीं पॅनेलवरून यंत्र चालू करून ठेवावयाचें. त्यानंतर मुख्य दार उघडलें कीं ठरलेल्या मुदतींत, बहुधा अर्ध्या ते एका मिनिटांत, योग्य कोड दाबावा लागतो. न दाबल्यास भोंगा वाजतो, आणि तशी सोय केली असल्यास मालकाच्या मोबाइलवर सूचना जाते. ज्यास कोड ठाऊक आहे त्याच्यापुढें मात्र हा सारा सरंजाम मुका होतो.

आतां अशी कल्पना करा. एका बागायतदाराच्या गोदामांत सोयाबीनचीं पोतीं रचलेलीं आहेत. यंत्र उत्तम आहे. पण कोड एकच आहे. तो मालकास, दोन्हीं मुलांस, हिशेबनिसास, सालगड्यास, ट्रॅक्टर चालविणारास व गेल्या वर्षीं काम सोडून गेलेल्या गड्यासही ठाऊक आहे. एके सकाळीं दहा पोतीं कमी भरतात. दार फोडलेलें नाहीं, भोंगा वाजलेला नाहीं. यंत्रांतील नोंद पाहतां ‘रात्रीं दोन वाजतां कोड दाबून यंत्र बंद केलें’ एवढेंच कळतें. कोणीं दाबला हें कळण्यास मार्ग नाहीं, कारण अंक सर्वांचा एकच. मग बोट कोणाकडे वळेल? घरच्या मुलाकडे नव्हे, हिशेबनिसाकडेही नव्हे. तें त्या सात जणांतील सर्वांत गरीब माणसाकडे वळेल. पोतीं पुढल्या हंगामांत भरून निघतील. परंतु प्रामाणिक माणसाच्या नांवास लागलेला डाग भरून निघत नाहीं, आणि असा माणूस एकदां दुखावून गेला म्हणजे मालकासही दुसरा लौकर मिळत नाहीं.

यावर उपाय खर्चाचा नाहीं. बहुतेक चांगल्या पॅनेलांत अनेक माणसांस वेगवेगळे कोड देण्याची सोय असते, आणि पुष्कळ यंत्रें कोणत्या क्रमांकाच्या माणसानें किती वाजतां यंत्र चालू वा बंद केलें याची नोंद ठेवतात. प्रत्येकास त्याचा स्वतंत्र कोड दिला, म्हणजे ही नोंद मालकाची जशी साक्षीदार होते तशीच गड्याचीही होते. ‘त्या रात्रीं माझा कोड दाबला गेला नाहीं’ हें त्यास दाखवितां येतें. मात्र आपला अंक दुसऱ्यास सांगावयाचा नाहीं, हें त्यास प्रथमच नीट समजावून द्यावें. आणि मालकानेंही कोणाचा अंक चारचौघांत विचारूं नये.

कोडांचे प्रकार वाचकांनीं ओळखून असावें. पहिला मास्टर कोड. त्यानें इतर कोड देतां, बदलतां व पुसतां येतात. हा घरांतील एका किंवा फार तर दोन जबाबदार माणसांपाशीं असावा. एका लखोट्यांत तो लिहून, लखोटा चिकटवून तिजोरींत ठेवावा, म्हणजे प्रसंगीं घर अडत नाहीं. दुसरा यंत्र बसविणाऱ्या कारागिराचा कोड. त्यानें यंत्राची सारी अंतर्रचना बदलतां येते. काम संपल्यावर तो कारखान्याच्या मूळ अंकावर राहूं देऊं नये. आपल्यासमक्ष बदलून घ्यावा. तिसरा रोजच्या वापराचा कोड, माणशीं एक. चौथा प्रकार कांहीं यंत्रांत असतो, तो संकटाचा कोड. चोरानें धाक घालून यंत्र बंद करावयास लाविलें, तर हा दाबावा. यंत्र नेहमींप्रमाणें बंद होतें, पण गुपचूप सूचना बाहेर जाते. ती कोणाकडे जावयाची हें आधीं ठरवून तपासून ठेविलें नसेल, तर हा कोड निरुपयोगी होय.

अंक कसे निवडावे, याविषयीं दोन शब्द. चार अंकांचे एकंदर १०,००० कोड होतात, सहा अंकांचे १०,००,०००. परंतु माणसें या साऱ्यांतून निवड करीत नाहींत. निक बेरी यांनीं २०१२ सालीं उघडकीस आलेल्या सुमारें ३४ लक्ष चार-अंकी संकेतांची छाननी केली, तेव्हां दहांतून एकाहून अधिक संकेत केवळ १२३४ हेच निघाले. कित्येक पॅनेलें कारखान्यांतून येतात तींही असेच सोपे अंक घेऊन. जन्मसाल, गट नंबर, ट्रॅक्टरचा नंबर, मोबाइलचे शेवटचे चार अंक हे सारे गांवास ठाऊक असतात. ते वर्ज्य समजावे.

चारच अंक कां, याचीही एक गोष्ट आहे. १९६७ सालीं इंग्लंडांत एन्फील्ड येथें बार्कलेज बँकेचें रोकड देणारें यंत्र सुरू झालें. त्याचे कर्ते जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्याकडील शिलाँगचा. सहा अंक ठेवण्याचा त्यांचा विचार होता. परंतु आपल्या पत्नीस चारच नीट आठवतात असें दिसल्यानें आपण चार ठेविले, असें ते सांगत. तात्पर्य, चार अंक हे सोयीसाठीं आहेत. पॅनेलांत सोय असल्यास सहा अंक घ्यावे.

बटणांकडेही पाहावें. वर्षानुवर्षें तीच चार बटणें दाबल्यानें तीं झिजतात व मळतात. निरनिराळे चार अंक असे उघडे पडले, तर त्यांचे क्रम २४च होतात. तेवढे करून पाहण्यास चतुर चोरास फार वेळ लागत नाहीं. यासाठीं बटणें पुसून स्वच्छ ठेवावीं आणि कोड वेळोवेळीं बदलावे.

केव्हां बदलावे? याचें उत्तर आपल्या शेतकी वर्षांतच आहे. पुष्कळ भागांत सालगड्याचें साल गुढीपाडव्यास फिरतें. खानदेशांत सालदार आखाजीस ठरतो. त्याच दिवशीं, हिशेब चुकता होतांच, जाणाऱ्याचा कोड त्याच्यासमोर पुसावा आणि येणाऱ्यास नवा द्यावा. यांत अविश्वास नाहीं. जाणारा माणूसही मोकळा होतो. पुढें कांहीं घडलें तर त्याचें नांव निघण्याचें कारण उरत नाहीं. फवारणी, काढणी किंवा मळणीपुरत्या आलेल्या माणसांस तात्पुरता कोड द्यावा व काम संपल्या सांजेस काढून टाकावा. मोबाइलवरून यंत्र चालविण्याची परवानगी कोणास दिली असल्यास तीही त्याच वेळीं रद्द करावी.

पुसण्याची रीत यंत्रागणिक निराळी असते. ती पुस्तिकेंत दिलेली असते. नमुन्यादाखल, डीएससी कंपनीच्या पॉवर सिरीज पॅनेलांत तारा असलेली कळ, मग ५, मग मास्टर कोड असें दाबावें. नंतर माणसाचा दोन अंकी क्रमांक दाबून नवा कोड द्यावा, अथवा तारेची कळ दाबून जुना काढावा. शेवटीं हॅशची कळ दाबून बाहेर पडावें. त्यानंतर पुसलेला कोड एकदां दाबून पाहावा. यंत्रानें तो नाकारला म्हणजेच काम पुरें झालें.

एका वहींत क्रमांक, माणसाचें नांव, कोड दिल्याची तारीख व काढल्याची तारीख एवढें लिहावें. प्रत्यक्ष अंक मात्र वहींत कधींही लिहूं नये. यंत्रांतील घड्याळ बरोबर आहे ना, हेंही पाहावें. चुकीच्या वेळेची नोंद निर्दोष माणसावर उलटूं शकते. वीज गेल्यावर यंत्र पेटींतील बॅटरीवर चालतें. ती साधारणपणें तीन ते पांच वर्षांत बदलावी लागते. ती निकामी झाली कीं भारनियमनाच्या रात्रीं भोंगा व नोंद दोन्ही जातात.

आपण बियाणें पारखून घेतों, बैलाचे दांत पाहतों, तोललेल्या मालाची पावती मागतों. कोडाच्या बाबतींतही तितकीच दक्षता ठेवावी. या पाडव्यास वा आखाजीस अर्धा तास काढून पॅनेलापुढें उभें राहावें, आणि आपल्या घरचा अंक आजवर किती जणांस सांगितला गेला हें प्रामाणिकपणें मोजावें. ती संख्या आठवत नसेल, तर सारे कोड त्याच दिवशीं नव्यानें द्यावे. धान्याचें रक्षण त्यानें होईलच. शिवाय आपल्या दारीं राबणाऱ्या माणसाचें नांवही शाबूत राहील.