बालेवाडीतून विश्वचषकाला

पेण-रोह्याकडून मुंबईला जाताना नेरूळला महामार्गालगत डी. वाय. पाटील स्टेडियम लागतं. आशियाई महिला फुटबॉल चषकात 21 जानेवारी 2022 रोजी तिथे फिलिपिन्सने थायलंडला 1-0 असं हरवलं. नऊ दिवसांनी पुण्यात, बालेवाडीला, चिनी तैपेईशी त्यांचा उपांत्यपूर्व सामना 1-1 असा बरोबरीत सुटला आणि पाळी आली पेनल्टी शूटआउटची. गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियलने समोरच्यांचे फटके अडवले, वर स्वतः पुढे येऊन एक पेनल्टी गोलात धाडली. निर्णायक पेनल्टी सरिना बोल्डेनची. निकाल 4-3, आणि विश्वचषकातली जागा पक्की. तैपेई तीन वेळचा आशियाई विजेता. फिलिपिन्सचा राष्ट्रीय फुटबॉल संघ, पुरुषांचा असो वा महिलांचा, त्याआधी विश्वचषकाला कधीच पोचला नव्हता.

लोकसंख्येने फिलिपिन्स मोठा, फुटबॉलमध्ये मात्र लहानच. कायम असं नव्हतं. 1917 मध्ये टोकियोत त्यांनी जपानला 15-2 असं धुतलं होतं. अमेरिकी अमलातच पुढे बास्केटबॉलने देश व्यापला आणि फुटबॉल मागे पडला. 2005च्या सुमारास पुरुषांच्या संघाने परदेशात वाढलेली फिलिपिनो मुलं बोलावून घेतली. इंग्लंडमधले यंगहसबंड बंधू त्यातले ठळक. महिला संघाने तीच वाट धरली. विश्वचषकाला गेलेल्या बहुतेक मुली अमेरिकेत जन्मलेल्या, फिलिपिनो वंशाच्या.

पण नुसती माणसं जमवून संघ होत नाही. 2018 मध्येही विश्वचषकाचं दार हाताशी होतं; दक्षिण कोरियाने 5-0 असं हरवून परत पाठवलं. मग 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी प्रशिक्षक अ‍ॅलन स्टॅजिक आले, कॅलिफोर्नियात लांबलचक शिबिर झालं, मुलींना एकत्र राहायला वेळ मिळाला. माझ्या मते खरा फरक या वेळाने पडला. जुलै 2023 मध्ये विश्वचषकात याच संघाने वेलिंग्टनला यजमान न्यूझीलंडला 1-0 असं हरवलं. गोल बोल्डेनचाच.

त्या आशियाई चषकाचा यजमान भारत होता. इराणशी 0-0 अशी बरोबरी झाली आणि कोरोनाने इतक्या मुली आडव्या पडल्या की पुढच्या सामन्याला संघ उभाच राहिला नाही. स्पर्धेतूनच बाहेर पडावं लागलं. अजूनही आठवलं की जीव तुटतो.

फिलिपिन्सची वाट आपल्याला मोकळी नाही. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. पुणे एफसीकडून खेळलेल्या अराता इझुमीने त्यासाठी जपानचं नागरिकत्व सोडलं. असं करणारे विरळाच. म्हणजे आपल्या मुली यायच्या त्या पेण-रोह्यासारख्या तालुक्यांतूनच.

इथे खेळ म्हटला की कबड्डी. गावोगावी मंडळं, आखलेलं मैदान, रात्रीचे सामने आणि गर्दी. संघ चालवायचा कसा, हे या मंडळांना शिकवावं लागत नाही. मुलींचा फुटबॉल संघही त्यांनीच उभा करावा. पेणच्या खारेपाटात भात एकदाच पिकतं. कापणी झाली की पावसाळ्यापर्यंत शेतं मोकळीच असतात. बांधाच्या आत एखादा तुकडा सपाट करून दोन्ही टोकांना बांबूचे गोलपोस्ट रोवले की मैदान तयार. रोह्याकडे कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतं, तिथे शाळांची पटांगणं संध्याकाळी उघडी ठेवावी लागतील. सुरुवात येत्या कापणीनंतर करता येईल.