नोटांच्या ढिगामागचा हिशेब

टेबलावर नोटांच्या गड्ड्यांचा ढीग, मागे हसणारा एक माणूस आणि त्याच्या हातात सोन्याचं ब्रेसलेट. लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’चा हा फोटो जुलैत मोबाईल-मोबाईलवर फिरतो आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या पानठेल्यावरही पोचतो. तिथं एका पोरानं मला विचारलं होतं, “भाऊ, हा पत्त्याचा वर्ल्ड कप असते म्हणे. जितला का सीधे करोडो?” यात पोराचा भाबडेपणा नव्हता. रमी आणि पोकरच्या जाहिरातींनी त्याच्या वयाच्या सगळ्यांना हेच शिकवलं. सुरजागडच्या खाणीमुळं काही घरांत आता महिन्याचा पगार येतो, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पैसे हाती पडतात, आणि असा पैसा कुठं आहे हे जाहिरातवाल्यांना चांगलं कळतं.

आपल्याकडं जुगार म्हटला की दोनच गोष्टी आठवतात, तीन पत्ती आणि धान निघाल्यावर भरणारा कोंबडा बाजार. कोंबडा बाजारातला हिशेब रोखठोक असतो. पायाला काती बांधायची, कोंबडे सोडायचे, कड्यातल्या लोकांनी आपापसात पैसे लावायचे. काही मिनिटांत निकाल लागतो आणि हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी शिजतो. पोकरची स्पर्धाही अशीच, फक्त एसीतली, असा समज आहे. तिथूनच घोळ सुरू होतो.

स्पर्धेत समोर रचलेल्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. वेगासच्या मुख्य स्पर्धेत प्रवेशाचे १०,००० डॉलर एकदाच भरायचे आणि त्याबदल्यात ६०,००० आकड्याच्या चिप्स मिळतात. त्या मोडून पैसे घेता येत नाहीत, थोडं जिंकून उठून जाता येत नाही आणि संपल्या की खिशातून आणखी टाकताही येत नाहीत. दर दोन तासांनी प्रत्येक डावात सक्तीनं लावायची रक्कम वाढते, त्यामुळं गप्प बसून राहिलेला माणूसही झिजत झिजत बाहेर पडतो. मध्यरात्रीच्या सुमारास खेळ थांबला की जो तो आपल्या चिप्स मोजतो, आकडा लिहितो, प्लास्टिकच्या पिशवीत भरून सील करतो आणि पिशवी तिथंच ठेवून झोपायला जातो. पिशवीवर दहा लाखांचा आकडा असला तरी त्यावर एक चहा मिळत नाही.

आता ‘जितला का करोडो’ याचं उत्तर. २०२४ च्या मुख्य स्पर्धेत १०,११२ जण उतरले. प्रत्येकाच्या दहा हजारांतले ९,३०० डॉलर बक्षिसांत गेले आणि ७०० आयोजक व कर्मचाऱ्यांकडं. एकूण बक्षीस सुमारे ९ कोटी ४० लाख डॉलर. विजेत्या जोनाथन तमायोला १ कोटी मिळाले. बक्षीस मिळालेले सगळे मिळून १,५१७, आणि त्यातलं सगळ्यात लहान १५,००० डॉलरचं. उरलेले ८,५९५ जण रिकाम्या हातानं घरी गेले. कॅसिनो ग्राहकाला लुटतो, हा समजही यामुळं पोकरपुरता चुकीचा ठरतो. कॅसिनो इथं खेळतच नाही, तो आपला कट काढून बाजूला होतो. विजेत्याच्या ढिगात इतर खेळाडूंचेच पैसे असतात.

दहा हजार डॉलर म्हणजे साडेआठ लाख रुपयांच्या वर. आपल्याकडं रोजगार हमीची २०२५-२६ ची रोजी ३१२ रुपये होती. एका प्रवेशासाठी २,७०० हून जास्त दिवस माती उपसावी लागेल, आणि तेही सात वर्षं न खाता-पिता.

मग इतके लोक हे पैसे आणतात कुठून? व्यावसायिक खेळाडूंपैकी बरेच जण पूर्णपणे स्वतःच्या पैशावर खेळत नाहीत, ही गोष्ट बाहेरच्यांना ठाऊकच नसते. स्पर्धेआधी ते आपला हिस्सा विकतात. कुणी दहा टक्के घेतो, कुणी पाच. दोन मित्र एकमेकांच्या बक्षिसातला ठरावीक हिस्सा अदलाबदल करतात. कुणाचा सगळा खर्च एखादा भांडवलदार उचलतो आणि आधीचा तोटा फिटेपर्यंत नफ्याची वाटणीच होत नाही. म्हणून फोटोतल्या आकड्यावरून त्या माणसाच्या खात्यात काय पडलं ते कळत नाही. निम्म्याहून कमीही असू शकतं. ज्याच्या गोष्टीनं जगभर पोकरची लाट आली तो टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर याचं उदाहरण घ्या. २००३ साली तो इंटरनेटवरच्या छोट्या पात्रता स्पर्धेतून मुख्य स्पर्धेत शिरला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकला. त्यानंही वडिलांना आणि मित्राला हिस्सा दिलेला होता. जाहिरातींत ‘सामान्य माणूस करोडपती’ एवढंच उरलं. त्या गोष्टीचा परिणाम मात्र खरा होता. २००६ पर्यंत मुख्य स्पर्धेतली संख्या ८,७७३ वर गेली. बक्षीस फुगलं आणि प्रत्येकाची संधी त्याच हिशेबानं आटली.

भारतीय तिथं जिंकत नाहीत असंही नाही. २०१७ मध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी जोडीनं ब्रेसलेट मिळवलं, २०१९ मध्ये अभिनव अय्यरनं. संतोष सुवर्णानं २०२४ मध्ये ५४ लाख डॉलर जिंकले, पण त्या स्पर्धेचं प्रवेश शुल्कच अडीच लाख डॉलर होतं, म्हणजे दोन कोटी रुपये. ते वाक्य जाहिरातीत कुणी छापत नाही.

त्यात कर आहेच. भारतीय खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेतून अमेरिका ३० टक्के कापते. भारतातही अशा कमाईवर सरसकट ३० टक्के आणि वर अधिभार, उपकर लागतो. परदेशात भरलेल्या कराची वजावट मिळते. पण खरा चिमटा वेगळाच आहे. हरलेल्या स्पर्धांचं शुल्क जिंकलेल्या रकमेतून वजा करता येत नाही. समजा एखाद्यानं वर्षभरात वीस स्पर्धांत दहा लाख घातले आणि एकीत आठ लाख मिळवले. तो दोन लाखांनी बुडाला, पण कर पूर्ण आठ लाखांवर.

नशीब की डोकं, हा वाद तर कोर्टातही मिटलेला नाही. दोन्ही बाजूंचे लोक अर्धंच सांगतात असं माझं मत आहे. एका डावात नशीबच मोठं. हातात एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता २२१ त एक. ती आली, समोरच्याकडं बादशहांची जोडी निघाली आणि दोघांनी सगळं लावलं, तरी एक्केवाला पाचातून साधारण एकदा हरतोच. आता असे सहा प्रसंग लागोपाठ धरा. दर वेळी ८० टक्के बाजू आपलीच, तरी सहाही वेळा टिकून राहण्याची शक्यता २६ टक्के. बरोबर खेळूनही चारातून तीन वेळा माणूस बाहेर. कौशल्य दिसतं ते शेकडो स्पर्धांच्या सरासरीत, आणि तेवढ्या स्पर्धा हरत राहायला भांडवल लागतं. ज्याच्याकडं एकाच प्रवेशाचे पैसे आहेत, त्याच्यासाठी पोकर जवळजवळ लॉटरीच आहे, मग डोकं कितीही तेज असो.

न्यायालयांचंही एकमत नाही. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं आणि त्याच निकालात तीन पत्त्यांच्या ‘फ्लश’ला निव्वळ नशिबाचा. म्हणजे आपली तीन पत्ती तिथंच बाद झाली. पोकरबद्दल २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालय खेळाडूंच्या बाजूनं गेलं, तर २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालय विरोधात. महाराष्ट्रात कायदा १८८७ चा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे आणि त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये सार्वजनिक जागी पक्षी झुंजवणाऱ्यांना पकडायची तरतूद आहे. कोंबडा बाजारावर धाड पडली की पेपरात ‘कलम १२ ब’ छापून येतं ते हेच. राज्यानं १९७६ साली कॅसिनोचाही कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळं ‘मुंबईत परवान्याचा कॅसिनो आहे’ असं कुणी सांगितलं तर समोरचा थापाड्या समजावा.

मराठी खेळाडूला त्यामुळं गोवा गाठावा लागतो. मांडवी नदीत उभ्या असलेल्या जहाजांवर, मुख्यतः डेल्टिन रॉयलवर, ‘इंडिया पोकर चॅम्पियनशिप’सारख्या मालिका होतात. पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीनं जहाजावर जायचं. लोकांना वाटतं आत नुसती चंगळ. स्पर्धा खेळणाऱ्याला मात्र नदीही दिसत नाही. खिडक्या नसलेलं दालन, कडाक्याचा एसी, म्हणून बाहेर घाम फुटत असताना हा आत स्वेटर घालून बसलेला. नऊ जणांच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात आणि जाणता खेळाडू त्यातले बहुतेक फोल्ड करतो, म्हणजे तीन पत्तीतलं पॅक. दहा तास बसायचं आणि मुख्य काम पत्ते टाकून देण्याचं. सिनेमात नायक समोरच्याच्या पापणीवरून पत्ते ओळखतो. इथं नायक कानात गाणी लावून, समोरचा किती लावतोय आणि आधीच्या डावांत काय करत होता हे आठवत बसतो. हातातल्या चिप्स एकमेकींत सरकवल्याचा टकटक आवाज दालनभर अखंड चालू असतो, नवख्याला त्यानंच डोकं दुखतं. जेवण घाईत, झोप अर्धवट, खोली दोघा-तिघांत. बाहेर पडलेला रात्री मित्राला एकच डाव पुन्हा पुन्हा सांगतो आणि सकाळी पुढच्या स्पर्धेच्या रांगेत उभा राहतो. दारूची धुंदी वगैरे असते ती जिंकायला आलेल्यांची नव्हे, मौज करायला आलेल्यांची.

एकट्याचा खेळ, ही समजूतही आता जुनी झाली. तमायोच्या अंतिम टेबलाजवळ त्याचे मित्र लॅपटॉप घेऊन बसले होते आणि तो मधूनमधून त्यांच्याकडं जाऊन बोलत होता. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी उपकरणांचे नियम कडक केले गेले.

उरला मोबाईलवरचा पोकर. ‘कोर्टानं परवानगी दिलीय, कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य अजून ऐकू येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ते मोडीत निघालं. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवण्यावर बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं किंवा ५० लाख किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि नेमक्या याच गोष्टीचा फायदा परदेशातून चालणारी अ‍ॅप्स घेतात. लिंक टेलिग्रामवर येते, पैसे कुणाच्या तरी भाड्यानं घेतलेल्या बँक खात्यात जातात, जिंकलेली रक्कम ‘आधी कर भरा’ म्हणून अडकवली जाते. पैसे असे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर तक्रार करावी, कारण समोरच्या खात्यातली रक्कम निघून जाण्याआधीच ती गोठवता येते. आणि महिन्याला काही हजार देतो म्हणून कुणी आपलं खातं किंवा सिमकार्ड मागितलं तर देऊ नये. पोलिस पैशाच्या मागावर आधी त्या खातेदाराच्या दारात येतात.