आठ रुपये आणि तीन अंदाजपत्रके

भारतात आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. रोज एक पाहायची ठरवली, तर सगळ्या पाहून व्हायला ३,८०० वर्षे लागतील. एकट्या महाराष्ट्रात त्या सुमारे १ लाख १० हजार आहेत आणि त्यांनाच ३०० वर्षे लागतील. पहिला बाजीराव पेशवेपदावर असताना कोणी ही फेरी सुरू केली असती, तर शेवटच्या अंगणवाडीत तो आत्ता कुठे पोहोचला असता.

हे जाळे अवघ्या ५० वर्षांत विणले गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशभरात तिचे ३३ प्रकल्प होते. त्याच्याही तीन दशके आधी, १९४५ पासून, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गोरगरिबांच्या आणि आदिवासींच्या मुलांसाठी बालवाड्या चालवून दाखवल्या होत्या. मुलांनी शाळेपर्यंत यायचे नाही, शाळेनेच त्यांच्या पाड्यावर जायचे, ही त्यांची रीत होती.

आज एकात्मिक बालविकास सेवा योजनेत ८ कोटींहून अधिक मुले आहेत. जर्मनीची सगळी लोकसंख्या साधारण एवढीच आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या एका मुलाच्या पूरक आहारासाठी २०१७ साली ठरलेला दर आहे दिवसाला ८ रुपये, वर्षातून ३०० दिवस. ८ कोटींना ८ ने गुणले की दिवसाचा खर्च ६४ कोटी होतो आणि वर्षाचा १९,२०० कोटी. हा आकडा ऐकून कोणताही अर्थमंत्री दचकेल. पण तोच आकडा उलटा, मुलाच्या बाजूने वाचला, तर हातात आठच रुपये उरतात. दर ठरला तेव्हाच्या निकषांनुसार एवढ्यात ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने त्या मुलाच्या पोटात जायला हवी होती. बाजारात एका अंड्यालाच यातले बहुतेक पैसे जातात.

हा दर वाढवण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात झाली. प्रत्येक मुलामागे दिवसाला फक्त एक रुपया वाढवला, तर वर्षाला २,४०० कोटी रुपये जास्त लागतात आणि बहुतेक राज्यांत हा भार केंद्र आणि राज्य यांनी निम्मा निम्मा उचलायचा असतो. निर्णय घेणाऱ्यांचा हात का आखडतो, ते यावरून कळते. तरीही २,४०० कोटी ही रक्कम नेमकी केवढी, हे पाहायला हवे. मुंबईच्या कोस्टल रोडचा दक्षिण टप्पा १०.५८ किलोमीटरचा आहे आणि त्याला सुमारे १४ हजार कोटी लागले, म्हणजे किलोमीटरला १,३०० कोटींच्या वर. ज्या रकमेत देशातल्या ८ कोटी मुलांच्या ताटात वर्षभर रोज एक रुपया वाढतो, त्या रकमेत या रस्त्याचे दोन किलोमीटरही होत नाहीत.

तो रस्ता मुंबई महापालिकेने बांधला आणि प्राथमिक शाळा चालवणे हेही कायद्याने तिचेच बंधनकारक कर्तव्य आहे. २०२५-२६ चे तिचे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचे होते, त्यात शिक्षणाला सुमारे ३,९५५ कोटी, म्हणजे शंभरातले पाच रुपये आणि वर थोडे पैसे. कोस्टल रोडच्या दराने हिशेब केला, तर देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेचे वर्षभराचे शिक्षण तीन किलोमीटर रस्त्यात बसते. रस्ता एकदाच बांधायचा असतो आणि शाळा दरवर्षी चालवायची असते, हा फरक खरा आहे. पण म्हणूनच शाळेच्या पैशाला दरवर्षी कात्री लावता येते आणि ती लागली तरी तडा गेलेला पूल दिसतो तसे काही दिसत नाही.

आता या वयात मुलाच्या डोक्यात काय चाललेले असते ते पाहा. हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राने मांडलेल्या हिशेबानुसार, आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला १० लाखांहून अधिक नव्या जोडण्या तयार होतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर एका दिवसात ८,६४० कोटी. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच सांगते. आणि शिक्षणहक्क कायदा लागू होतो तो सहाव्या वर्षापासून! त्याआधीच्या मुलांसाठी राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच म्हटले आहे. जिथे मेंदू सर्वात वेगाने घडतो, तिथे मुलाला शिक्षणाचा हक्क नाही.

हा हक्क मिळायला किती वेळ लागतो, तेही आपण अनुभवले आहे. १८८२ साली हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी मागणी केली. रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी सरकारला तोंडावर सुनावले. १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी विधेयक आणले. नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांनी आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करावे आणि त्यासाठी गरज पडल्यास कर बसवावा, अशी त्याची रचना होती. पैसे कुठून आणायचे, हाच आक्षेप पुढे आला. १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक पडले. शिक्षणहक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. गोखल्यांच्या विधेयकापासून ९९ वर्षे, फुल्यांच्या साक्षीपासून १२८.

बालशिक्षणावरचा खर्च परत मिळतो का, याचा दीर्घ पाठपुरावा अमेरिकेत झाला. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी १९६२ पासून गरीब घरांतल्या १२३ मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या ५८ मुलांना उत्तम बालशाळा मिळाली. ही मुले चाळिशीला पोहोचली तेव्हा त्यांची तुलना बाकीच्यांशी केली, तर त्यांची कमाई जास्त होती आणि गुन्हे कमी होते. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी या गुंतवणुकीचा परतावा वर्षाला ७ ते १० टक्के काढला. पण तिथे २० ते २५ मुलांमागे चार प्रशिक्षित शिक्षक होते आणि ते दर आठवड्याला मुलांच्या घरी जात. आपल्याकडे एक सेविका आणि एक मदतनीस. सेविकेने आहार सांभाळायचा, वजने घ्यायची, लसीकरणाला हातभार लावायचा, मोबाइलवर माहिती भरायची आणि उरल्या वेळात शिकवायचे. तिच्यावर पुरेसा खर्च न करता त्या परताव्याची आशा धरता येणार नाही.

तीन ते सहा या वयात मुलाच्या वाट्याला तीनच अंदाजपत्रके येतात. रस्ता यंदा झाला नाही तर पुढच्या वर्षी होतो. अंगणवाडीची तरतूद एक वर्ष पुढे ढकलली, तर मुलाचे एक तृतीयांश बालशिक्षण जाते आणि ते कोणत्याही पुरवणी मागणीतून परत मिळत नाही. सभागृहात हात वर करणाऱ्या प्रत्येक सदस्याने एवढे लक्षात ठेवायलाच हवे.

आपल्या हातातही काही आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. समजा, गावचे उत्पन्न १० लाख आहे आणि तीन अंगणवाड्यांत ७५ मुले आहेत. या एक लाखातला निम्मा भाग जरी अंगणवाडीकडे वळला, तरी प्रत्येक मुलामागे वर्षाला ६६६ रुपये जास्त मिळतात. आठाच्या जागी दिवसाला दहा रुपये होतात. म्हणून पुढच्या ग्रामसभेला जा आणि ते १० टक्के गेल्या वर्षी कशावर खर्च झाले, हे विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. यंदाची तीन वर्षांची मुले आणखी तीन वर्षांनी पहिलीत असतील.