बीजदान : मूल कोणाचे?

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात येते. सून ओटी भरते आणि वडीलधारी माणसे गाऱ्हाणे घालतात, ‘पुढच्या शिमग्याच्या आत या घरात पाळणा हलू दे रे महाराजा!’ लग्नाला सात-आठ वर्षे झालेल्या सुनेला ते शब्द कसे लागत असतील, याचा विचार आपण क्वचितच करतो. कारण दोष तिचाच, हे कोणत्याही तपासणीआधी घराने ठरवून टाकलेले असते.

वैद्यकशास्त्राला हे मान्य नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण पूर्णपणे किंवा काही अंशी जबाबदार असते. वीर्यतपासणी ही सोपी, कमी खर्चाची आणि वेदना नसलेली तपासणी आहे. तरीही सुनेच्या सर्व तपासण्या होतात आणि मुलाची मात्र शेवटपर्यंत राहून जाते. तेव्हा पहिली गोष्ट ही, की तपासणी दोघांचीही आणि बरोबरीनेच व्हावी.

बीजदान केव्हा लागते?

बहुतेक जोडप्यांना औषधे, शस्त्रक्रिया किंवा स्वतःच्याच बीजांवर केलेले उपचार पुरतात. वीर्यात शुक्राणू मुळीच नसले, तरी काही पुरुषांच्या वृषणातून ते सुईने काढता येतात. तेही शक्य नसेल, तर दात्याच्या शुक्राणूंचा विचार करावा लागतो. स्त्रीच्या बाबतीत पाळी अकालीच बंद झालेली असणे, कर्करोगावरील उपचारांनी बीजांडकोश निकामी होणे किंवा गंभीर आनुवंशिक आजार असणे, अशा वेळी दुसऱ्या स्त्रीचे बीज घेतले जाते. पतीच्या शुक्राणूंशी प्रयोगशाळेत त्याचे फलन होते आणि तयार झालेला गर्भ पत्नीच्या गर्भाशयात सोडतात. नऊ महिने तीच वाढवते, तीच जन्म देते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तेव्हा महाराष्ट्राला या शास्त्राची ओळख झाली. शरीराबाहेर फलन करता येऊ लागले, म्हणूनच दुसऱ्या स्त्रीचे बीज वापरणेही शक्य झाले.

देणाऱ्याचे काय?

पुरुषाचे दान सोपे असते. रक्ताच्या व इतर तपासण्या झाल्यावर वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश तापमानाला गोठवून ठेवतात.

स्त्रीचे दान तितके सोपे नाही. साधारण दहा-बारा दिवस इंजेक्शने, वरचेवर सोनोग्राफी आणि शेवटी भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजे काढणे, असा हा क्रम आहे. ‘बीजे दिली तर आपली संपतील’ ही भीती मात्र अनाठायी आहे. मुलगी वयात येते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत तीन-चार लाख बीजे असतात. आयुष्यभरात त्यांतली जेमतेम चारशे परिपक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची आपोआप नष्ट होतात. खरा धोका आहे तो इंजेक्शनांमुळे बीजांडकोश प्रमाणाबाहेर सुजण्याचा, पोटात पाणी साठण्याचा. क्वचित हा त्रास गंभीर होतो. म्हणूनच गरजू बायकांना पैशांचे आमिष दाखवून वारंवार बीजे काढणे हा त्यांच्या जिवाशी खेळ आहे.

कायदा काय सांगतो?

२०२१ साली संसदेने केलेला साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पुरुष दाता २१ ते ५५ वर्षांचा, तर स्त्री दाता २३ ते ३५ वर्षांची असावी. स्त्रीला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते आणि सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. तिच्यासाठी जोडप्याने बारा महिन्यांचा विमा उतरवावा लागतो. एका दात्याचे बीज एकाच जोडप्याला देता येते. बीजाच्या विक्रीला आणि मुलगा-मुलगी निवडण्याला बंदी आहे. दात्याची तपासणी करणे, बीज घेणे व साठवणे हे नोंदणीकृत बँकेचेच काम आहे.

आपल्याकडे अजूनही कुठे कुठे ‘दिराचेच घेऊ, रक्त घरातले राहील’ असा विचार पुढे येतो. महाभारतातल्या नियोगाचा दाखलाही दिला जातो. परंतु नातेवाइकाचे शुक्राणू वापरू नयेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत २००५ सालीच म्हटले होते. त्यामागचे कारण उघड आहे. देणारा रोज समोर वावरणार, आणि उद्या वाटणीवरून भांडण झाले की झाकलेली गोष्ट चारचौघांत निघणार!

न्यायालयासमोर आलेला प्रश्न

ही भीती काल्पनिक नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात पत्नीच्या धाकट्या बहिणीने स्त्रीबीज दिले होते आणि सरोगसीद्वारे २०१९ साली जुळ्या मुली जन्मल्या होत्या. २०२१ मध्ये पती-पत्नीचे बिनसले. पती मुलींना घेऊन वेगळा राहू लागला, मेहुणीही तेथेच राहू लागली. बीज मेहुणीचे, म्हणून आईचा हक्क तिचा, असा दावा पुढे आला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. बीज देणारी स्त्री फार तर जनुकीय माता म्हणवू शकेल, त्यामुळे तिला पालकत्वाचा हक्क मिळत नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि पत्नीला मुलींना भेटण्याचा अधिकार दिला. २०२१ चा कायदाही हेच म्हणतो : मूल त्या जोडप्याचे; दात्याचा त्यावर हक्क नाही.

आपल्या जिल्ह्याला हे समजणे कठीण जाऊ नये. रायवळ कोयीच्या रोपावर हापूसचे कलम बांधले जाते. काडी कोणाच्या बागेतून आणली, हे पुढे कोणी विचारत नाही. ज्याने पाणी घातले, राखण केली, त्याचीच ती बाग.

निर्णय घेण्यापूर्वी

घाई करू नये. दोघांची मनापासून संमती हवी. सासूबाईंच्या दडपणाखाली दिलेली सही ही संमती नव्हे. कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठाल तेव्हा केंद्राचे व बँकेचे नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागावे. यशाची हमी देणाऱ्यापासून आणि रोखीने मध्यस्थी करणाऱ्यापासून दूर राहावे. मुलाला पुढे काय सांगायचे, याचा विचार आधीच करावा. ब्रिटनमध्ये २००५ नंतरच्या दानातून जन्मलेल्या मुलांना अठराव्या वर्षी दात्याची ओळख मागता येते. आपल्याकडे दात्याची ओळख गुप्त राहते. पण मुलाला खरे कळायचेच असेल, तर ते शेजाऱ्याकडून कळण्यापेक्षा आई-बाबांकडून कळलेले बरे.

मुरूडच्या कर्वे घराण्यातील र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले, तेव्हा असल्या विषयांवर बोलणे हाच गुन्हा मानला जाई. आज निदान नवरा-बायकोने तरी एकमेकांशी मोकळेपणी बोलावे. दत्तक घेण्याचा मार्गही खुला आहेच. आणि दोघांनी मिळून मूल नकोच असे ठरवले, तरी त्या घराला अपुरे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.